आरतीआधी उठू नये

"बुवा, डोळे मिटू नका. लांब, पाणी आणि आभाळ टेकतं तिथे बघा," असं मी म्हटलं आणि पुढच्याच क्षणी मीच मचव्याच्या कडेवरून ओणवी झाले.

बेटावर कीर्तनाला निघालेले गोळवणकरबुवा माझ्या शेजारी त्याच अवस्थेत होते. पगडी माझ्या मैत्रिणीच्या, इंदूच्या मांडीवर, उपरणं गळ्याशी गोळा झालेलं, हातात माझ्या आईने बांधून दिलेल्या लिंबाची फोड. मालवण सोडल्यापासून आमची चांगलीच गट्टी जमली होती. एकाला उमळून आलं की दुसऱ्याने पाठ चोळायची.

सुकाणूवर बसलेला गंगाराम तांडेल मोठ्याने हसला. "काय बुवानु! दर वर्साक आमका भवसागर तरून जावक शिकवतास, आनि हो इतकोसो समुद्र तुमका तरूक येना नाय?"

"अरे, तो सागर असा हलत नाही रे गंगाराम," बुवा कण्हले आणि पुन्हा कडेकडे वळले.

आम्ही प्राणिशास्त्राचे विद्यार्थी. एम. एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होतो आणि आमचे तुस्कानो सर आम्हाला शिडाच्या मचव्यातून बेटावर घेऊन चालले होते. सर वसईचे. इंजिनाची होडी त्यांना खपत नसे. "फटफट करत गेलात तर पाखरांची तुम्हाला फक्त शेपटं दिसतील," असं ते म्हणत. शिडाखाली मात्र खरोखरच नवल दिसत होतं. उडते मासे चांदीच्या पात्यासारखे मचव्याच्या पुढून सुटत होते, आणि एक म्हातारं कासव डोकं वर काढून, हे कोण आलं आता, अशा नजरेने आमच्याकडे बघून गेलं. माझ्या वाट्याला त्यातलं अर्धंच आलं. उरलेला वेळ मी खाली पाण्यात बघत होते.

बेटं दोन. थोरल्यावर माळरान, नारळाची चार झाडं, गोड्या पाण्याची विहीर आणि गंगारामच्या भाऊबंदांची खोपटी. मासे सुकवायला ही मंडळी दिवाळीनंतर इथे येत आणि पावसाआधी किनाऱ्यावर परत जात. धाकला म्हणजे नुसता काळा खडक, सुरय पाखरांचा. त्याच्याभोवती पाणी असं फुटतं की होडी लावता येत नाही. फक्त अमावास्येच्या आसपास, संध्याकाळच्या मोठ्या ओहोटीला, दोन्हींच्या मधला वाळूचा दांडा उघडा पडतो. तेवढ्या वेळात चालत जायचं आणि भरती लागायच्या आत परतायचं.

चैत्री अमावास्येला तिथे मोसमाची सांगता होई. दुपारी कीर्तन, मग आरती, आणि आरती झाली की सगळं बेट टोपल्या घेऊन दांड्यावरून धाकल्यावर जाई, सुरयांची अंडी आणायला. दुसऱ्या दिवशी अंड्यांची पोळी आणि भाकरी. रीत कडक होती. घ्यायचं ते अमावास्येच्या एका ओहोटीला. दुसऱ्या दिवशी दांडा उघडा असला तरी टोपली घेऊन कुणी जात नसे.

सर हे सगळं जाणून होते, म्हणूनच मचव्यात ते गंगारामच्या जवळ सरकून बसले होते.

"गंगाराम, पूर्वी खडक पांढरा दिसायचा पाखरांनी. आत्ता मी दुर्बिणीतून पाहिलं. वादळानंतर किती थोडी राहिलीत! एवढी अंडी गेली, तर ती पुढच्या वर्षी इकडे फिरकणार नाहीत."

"सर, माका पटता. पन माजा एकट्याचा काय चालता? रीत हा ती. आनि आमचो बाबली तर कालपासून टोपली घासताहा."

"मी आजपर्यंत धाकल्यावर सुरयाचं पिल्लू पाहिलेलं नाही," सर हळू म्हणाले. "दर वर्षी आमची सहल यायची ती तुमची पोळी खाऊन झाल्यावर. यंदा मुद्दाम लवकर आलो. मे महिन्यात मी निवृत्त होतोय."

गंगारामने शिडाची दोरी उगाच थोडी ओढली, थोडी सोडली.

आम्ही पोचलो त्याच संध्याकाळी, म्हणजे अमावास्येच्या आदल्या दिवशी, सर आम्हाला दांड्यावरून धाकल्यावर घेऊन गेले. जमिनीवर पाय टेकल्याबरोबर मी माणसात आले. सुरयाचं घरटं म्हणजे काही नाहीच. उघड्या दगडावर एकच अंडं, करड्या ठिपक्यांचं. आम्ही लांबच्या कपारीत अंग चोरून बसलो आणि तिथे मी ते पाहिलं. एक पाखरू अंड्यावर बसलं होतं, चोच उघडी टाकून धापा टाकत. दुसरं समुद्रावरून आलं, पण आधी पाण्याला पोट घासून, पिसं ओलीचिंब करून. पहिलं उठलं, हे बसलं. तापलेल्या दगडावर अंडं शिजू नये म्हणून आईबाप दिवसभर आळीपाळीने पोट भिजवून येतात, असं सर कुजबुजले. परतताना वाटेतल्या एका अंड्यावर मला चांदणीसारखी बारीक चीर दिसली. मी ओणवी झाले. आतून आवाज येत होता. चिक, चिक. कवच फोडायच्या आधीच ते बोलत होतं!

"उद्या-परवात बाहेर येईल," सर म्हणाले. "उद्या वाचलं तर."

अमावास्येच्या सकाळी बुवांचा घसा गेला. पार गेला. समुद्राने त्यांच्या पोटातलं सगळं नेलं होतं आणि जाता जाता आवाजही नेला. खोपटात घोंगडीवर पडून ते नुसते ओठ हलवत होते. दाराशी अख्खी वस्ती उभी.

"कीर्तन नाय झाला तर आरती कशी होतली?" कोणीतरी म्हणालं.

"आनि आरती नाय तर अंडी कशी आनतले?" हा बाबली. रुंद खांद्यांचा, मिशाळ गडी. बेटावर मृदंग तोच वाजवी आणि अंड्यांची टोपली त्याचीच सगळ्यांत मोठी.

मला आशा वाटली. कीर्तन नाही, तर आरती नाही, तर अंडीही नाहीत. मी इंदूकडे पाहिलं. पण इंदूला माझं कौतुक भारी. ती पुढे होऊन ठणठणीत आवाजात म्हणाली, "आमची कुमुद करेल की! ही वाईची. कृष्णाबाईच्या उत्सवातलं एकही कीर्तन हिने चुकवलेलं नाही!"

"इंदू!"

"काय खोटं आहे? खोलीवर भांडी घासताना पूर्वरंग चालू असतो हिचा."

खोटं नव्हतं, हेच तर दुखणं. लहानपणापासून मी आत्याच्या शेजारी पहिल्या रांगेत बसून कीर्तनं ऐकली. परीक्षेला एखादे वेळी गैरहजर राहिले असेन, कीर्तनाला नाही. पण ऐकणं वेगळं आणि नारदाच्या गादीवर उभं राहणं वेगळं. त्या गादीला मी आयुष्यभर लांबून हात जोडलेले.

बुवांनी खुणेने मला जवळ बोलावलं, स्वतःच्या झांजा माझ्या हातात दिल्या आणि घशातून हवेसारखे शब्द काढले, "गादी रिकामी ठेवू नये, पोरी. उभी राहा. बोलवणारा तो आहे."

मी झांजा कपाळाला लावल्या. गंगारामची आई, भागीआये, बेटावर सगळ्यांत वडील. आरतीचं तबक तिच्याच हातचं असे. तिने मला खोपटात ओढलं. "नऊवार नेसता येता काय गो? नाय? मगे काय शिकवतत तुमका थयसर? खेकडे धरूक?" आणि तिने मला असा काही काष्टा घट्ट लावून दिला की श्वासाची पंचाईत झाली.

नारळांच्या सावलीत गादी घातली होती. समोर मंडळी, बाजूला मृदंगावर बाबली, मागे हात बांधून तुस्कानो सर. भागीआये तबक मांडीशी घेऊन पुढ्यात बसली होती, आणि नारळाच्या बुंध्याशी टोपल्यांची उतरंड. त्यापलीकडे समुद्र मागे सरत चालला होता.

मी गादीवर उभी राहिले. डोळे मिटून नमन म्हटलं. पहिला सूर भलताच वर लागला, मग तो तसाच निभावून नेला. बाबलीने ठेका धरला आणि काय सांगू, त्या ठेक्यावर जीभ आपोआप चालू लागली. इतक्या वर्षांचं ऐकलेलं आतून ओघळत बाहेर येत होतं. कुणाचा दृष्टान्त, कुणाची विनोदाची ढब, कुणाचं हात उडवणं. पूर्वरंग झाला. मध्ये नामाचा गजर लागला तशी इंदू मला बुक्का लावायला पुढे आली आणि कपाळाला बोट टेकवता टेकवता म्हणाली, "कुमुद, आरतीआधी कुणी उठत नाही ना?"

"नाही. आरतीआधी उठू नये. पाप लागतं."

"मग आरती करूच नकोस."

"म्हणजे?"

"भरती येईपर्यंत बोल!"

"अगं, कीर्तन काय खोळंबा करायला असतं का?"

"पाखरं कुणाची आहेत? त्याचीच ना? मग त्याच्याच कामाला लाव की!" म्हणून ती जागेवर जाऊन बसलीसुद्धा.

मी समुद्राकडे पाहिलं. दांड्याची पाठ नुकती पाण्याबाहेर डोकावत होती. मनात म्हटलं, देवा, तूच बोलवणारा ना? मग बोलव आता.

उत्तररंगाला मी रानात एकटाच देवाला शोधत निघालेल्या लहान मुलाचं आख्यान घेतलं. लावता येईल तेवढं लावलं. ते संपल्यावर, "आता याच अर्थाचं दुसरं आख्यान," म्हणून दुसरं काढलं. मंडळी एकमेकांकडे बघायला लागली. दांडा आता चांगला रुंद उघडा पडला होता. बाबलीची नजर तिकडे, हात मृदंगावर. त्याने लय वाढवायला सुरुवात केली. मी पद धरलं की तो दुप्पट वेगाने पळवी, म्हणजे मी लवकर संपवावं. संपत होतं खरं, पण मग मला आणखी एक पद घ्यावं लागे. घामाने त्याच्या मिशा ओल्या झाल्या.

मागे एक गडी हळूच उठायला गेला. त्याच्या बायकोने सदऱ्याला धरून त्याला खाली ओढलं. "बस मरे! आरती होवची असा!"

गंगाराम मान खाली घालून बसला होता. त्याचे खांदे हलत होते. हसत होता की काय, कळेना.

तिसरं आख्यान संपलं आणि मी रिकामी झाले. डोक्यात एकही दृष्टान्त उरला नाही. समोर माणसं, पलीकडे दांडा, अजून लख्ख कोरडा. आणि मग तोंडातून जे निघालं ते कुणाकडून ऐकलेलं नव्हतं.

"श्रोतेजन हो, एक बाप होता," मी म्हटलं. "त्याचं घर नव्हतं. छप्पर नव्हतं. तापल्या दगडावर त्याचं एकच लेकरू, अजून जन्माला यायचं. वर वैशाखाला टेकलेलं ऊन. बापाजवळ ना पंखा, ना छत्री, ना घागर. मग त्याने काय केलं? समुद्रावर गेला आणि स्वतःचं पोट पाण्यात बुडवून आणलं. ओलं पोट लेकरावर धरून बसला. वाळलं, की पुन्हा गेला. आई बसली, ती तापली, बाप आला. बाप तापला, आई आली. दिवसभर, मंडळी, दिवसभर!"

मृदंग थांबला होता. बाबली हात तसेच ठेवून माझ्याकडे बघत होता. समोर बसले होते ते सगळे समुद्रावर जाणारे बाप आणि उन्हात मासे उलथणाऱ्या आया. कुणी समुद्राकडे बघेना.

"आणि काल मी त्या लेकराजवळ कान नेला. कवचाला बारीक चीर गेली होती. आतून ते हाक मारत होतं. अजून जग पाहिलं नाही, ऊन पाहिलं नाही, आईबाप पाहिले नाहीत, तरी हाक मारत होतं. तो आहे, हे त्याला कुणी सांगितलं असेल?"

एवढं बोलले आणि थांबले. कारण पुढचं मलाच ठाऊक नव्हतं. आणखी एक शब्द निघाला असता तर रडूच आलं असतं. मी हात जोडले आणि हरून म्हटलं, "आये, आरती आणा."

टोपल्यांकडे दोन-तीन माना वळल्या. दांडा उघडा होता. इंदूने कपाळाला हात लावला. मागे सरांनी डोळे मिटून घेतले.

भागीआयेने काडी ओढली. पेटली नाही. दुसरी ओढली, तिचं डोकंच उडालं. तिसरी फुरफुरली आणि विझली.

"काड्यो भिजल्यो मेल्यो," ती शांतपणे म्हणाली.

"आये, माजी घी," गंगारामने पेटी पुढे केली. तीही ओढून झाली, एक, दोन, चार काड्या. वारा आडवा होता म्हणे. मग वातच वाकडी निघाली. ती काढून नवीन वळली. मग तेलात मासळीचा कण दिसला, तर तेल बदलायला नको का?

"काडी पेटासर पुढे बोल गो," भागीआये वर न बघता मला म्हणाली.

"आये, पुढचं मला माहीत नाही."

"माहीत नाय तर देवाचा नाव घी. ता तरी माहीत हा मां?"

मी झांजा उचलल्या. "विठ्ठल, विठ्ठल!" बाबलीने एकदा आईच्या वयाच्या त्या म्हातारीकडे पाहिलं, एकदा दांड्याकडे, आणि मग मान उडवून असा काही हात मारला मृदंगावर की नारळावरचे कावळे उठले. या वेळी तो पळवत नव्हता. तो रमला होता. बायका उभ्या राहून टाळ्या देऊ लागल्या. सर टाळी देत होते, थोडी चुकत, पण मनापासून. अंगावर बुक्का, पायाखाली वाळू, आणि त्या नामात मला दांड्याचाही विसर पडला. एवढं खरं कीर्तन मी वाईतही ऐकलं नव्हतं, आणि हे तर माझं म्हणावं असंही नव्हतं.

निरांजन लागलं तेव्हा सूर्य पाण्याला टेकला होता. आरती झाली, प्रसाद झाला. रिवाजाप्रमाणे सगळे माझ्या पाया पडले, बाबलीसुद्धा. उठताना त्याने धाकल्याकडे पाहिलं. दांड्याच्या जागी पाणी चमकत होतं.

"गेली पोळी," तो म्हणाला. मग मृदंग खांद्याला अडकवून, "पन कीर्तन मस्त झाला हां, बाय!"

दुसऱ्या दिवशी सकाळी भागीआये मासे उलथत होती. मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि मदत म्हणून चार मासे उलटे घातले. तिने ते पुन्हा सुलटे केले.

"आये," मी म्हटलं, "काल काड्या भिजल्या नसत्या तर काही खरं नव्हतं. देवाचीच कृपा."

ती हसू लागली. दात नसलेलं, तोंडभर हसू. "गो चेडवा, उभ्या पावसात गळक्या खोपटात चूल पेटवनारी बाय मी. माका काडी पेटना नाय?"

"म्हणजे तुम्ही मुद्दाम? पाखरांसाठी?"

"पाखरांचा माका काय? पोळी माका पन आवाडता." तिने एक मासा झटकला. "पन तू आख्यान अर्ध्यार सोडलंस! ता पोर आत हाक मारता, आनि तू म्हनतस आरती आना! असा खय असता? आख्यान पुरा झाल्याशिवाय मी दिवो लावचंय नाय. बाबलीन ती अंडी भाजल्यान असती, तर पुढचा मी कोनाकडसून ऐकलं असतंय?"

आजवर मी हजारो श्रोत्यांत बसले, पण कीर्तन कुणाच्या जोरावर उभं राहतं ते मला त्या दिवशी, माशांच्या वासात बसून, कळलं.

"आज ओहोटीक दांडो उघडतलो," भागीआये लुगडं झटकून उभी राहिली. "टोपली घेवन जावची नाय ही रीत. नुसता बघूक जावची नाय, असा कोनी सांगल्यान?"

संध्याकाळी सगळं बेट निघालं. पुढे गंगाराम, त्याच्या मागे सर, मग भागीआये माझ्या खांद्यावर हात ठेवून, मग बाबली, बायका, पोरं, आणि सर्वांत शेवटी दोन गड्यांच्या आधाराने गोळवणकरबुवा. एवढी माणसं, पण आवाज फक्त ओल्या वाळूत पावलांचा.

ते अंडं मी लांबूनच ओळखलं. म्हणजे अंड्याची जागा ओळखली. अंडं नव्हतं. दोन करड्या कवच्या पडल्या होत्या आणि त्यांच्या शेजारी, कपाशीचं बोंड ओलं व्हावं तसं काहीतरी थरथरत होतं. त्याने मान उचलली, मान पडली, पुन्हा उचलली. तुस्कानो सरांनी दुर्बीण डोळ्याला लावली, काढली, चष्मा पुसला, पुन्हा लावली.

"सर, काय दिसता?" गंगारामने विचारलं.

"काही दिसत नाही रे," सर म्हणाले. त्यांचा आवाज बुवांसारखा झाला होता. "डोळे भरलेत."

डोक्यावर सुरय ओरडत घिरट्या घालू लागली. बाबलीला राहवेना. तो एक पाऊल पुढे सरला. भागीआयेने त्याच्या छातीवर हात आडवा धरला. समुद्रावरून एक पाखरू खाली येत होतं. पोटाची पिसं ओली, त्यांतून थेंब गळत होते.

"मागे सरा," ती पुटपुटली. "बापूस इलो."

आणि गाभाऱ्यातून निघताना देवाला पाठ दाखवत नाहीत, तसं ते सगळं बेट, बुवांसकट, उलट्या पावलांनी मागे सरत गेलं.